पन्ह्यात कमी

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या गल्लीत दोन गोष्टी भिंतीआडूनसुद्धा ओळखू यायच्या. एक बाबनरावांच्या मागाची खटखट आणि दुसरा वच्छलाबाईंचा राग. खटखट सणासुदीला बंद असायची.

बाबनराव कोष्टी. घराच्या आतल्या खोलीत खड्डामाग होता, त्यात कमरेपर्यंत उतरून ते दिवसभर लुगडी विणायचे. माणूस इतका शांत की धोटा फेकतानासुद्धा त्याला लागेल या काळजीनं फेकत असावेत. त्यांच्या पत्नी वच्छलाबाई पुढच्या छपरीत चरख्यावर बसून कांड्या भरायच्या. एक हात चाकावर, एक सुतावर आणि डोळे रस्त्यावर. दूधवाला पाणी घालतो म्हणून त्याच्यावर राग, त्यानं एक दिवस दूध आणलं नाही म्हणून अजून राग. माझी बायको माहेरी गेली की आधी मला भर गल्लीत झापायच्या, “बायको नाही तं चूल बी नाही, असा कसा गा मास्तर तू!” आणि रागारागातच पोळी आणि वांग्याची भाजी माझ्या हातात कोंबायच्या. नको म्हणायची सोय नव्हती. नको म्हटलं की पुन्हा पहिल्यापासून.

असला राग अंगाला लागत नाही. हिवाळ्यात तर तो बरा वाटतो. पण त्र्याहत्तर साली त्यांचा जो राग मी पाहिला तो वेगळा होता, आणि आजही तो आठवला की माझ्याच कानशिलाला ऊब येते.

त्यांची एकुलती एक लेक प्रेमिला. तिला उमरेडच्या रुपरावांच्या घरी दिली होती. तेही विणकर, घरात चार माग, त्यांचा मुलगा चंद्रभान, म्हणजे प्रेमिलाचा नवरा, कामाला चोख. पहिलं बाळंतपण म्हणून प्रेमिला माहेरी आली. घरी दाई आली, दाईनं हात टेकले, आणि पोरीला रिक्षात घालून मोठ्या सरकारी दवाखान्यात न्यावं लागलं. कोणत्या, ते विचारू नका. तिथं पोट फाडून मुलगा झाला. आई वाचली, पोर वाचलं. वच्छलाबाईंनी डॉक्टरांच्या नावानं तिथल्या तिथं, फरशीवर डोकं टेकलं. इथवर रागाला काही जागाच नव्हती.

मग मोठ्या डॉक्टरांची फेरी आली. सोबत शिकाऊ डॉक्टरांचा घोळका. प्रेमिलाच्या खाटेशी सगळे थांबले. डॉक्टरांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं नाही, पोटाकडे बोट केलं आणि इंग्रजीत बोलू लागले. “सेफॅलो-पेल्विक डिसप्रपोर्शन.” मग पेल्विस, पेल्विस, पेल्विस. एकानं विचारलं, हिची उंची किती? हे त्यानं प्रेमिलाला विचारलं नाही, दुसऱ्याला विचारलं. त्या दिवसापासून नर्सबायांनीही तिचं नाव टाकून दिलं. “त्या सी.पी.डी.ला दूध उतरलं का?” “सी.पी.डी.चे टाके केव्हा काढायचे?” आईबापानं बारशाला ठेवलेलं नाव खाटेच्या पायथ्याशी पडून राहिलं.

उमरेडहून नातवाला पाहायला आलेल्या जिजाबाई, म्हणजे प्रेमिलाच्या सासूबाई, हे सगळं उभ्यानं ऐकत होत्या. त्यांनी एका पोरसवदा डॉक्टराची बाही धरली.

“काय म्हणून राहिले गा साहेब?”

“आजी, तुमच्या सुनेच्या हाडाचं माप कमी आहे,” असं म्हणून तो घोळक्यामागे पळाला. बहुतेक पुढच्या खाटेवरच्या बाईचं नाव पुसायला.

आता हे वाक्य दुसऱ्या कोणाच्या घरात पडलं असतं तर तिथंच विरलं असतं. पण जिजाबाई विणकराच्या घरच्या. त्या घरात ‘माप कमी’ याचा एकच अर्थ. लुगडं विणून विणकरांच्या सोसायटीत नेलं की तिथला माणूस ते पसरतो, रुंदीला पट्टी लावतो. रुंदी म्हणजे पन्हा. पन्हा बोटभर कमी भरला की तो घडी मोडलेलं लुगडं तसंच अंगावर परत फेकतो. काठ कितीही सुरेख असो, रंग कितीही पक्का असो, माल दोषी. दोषी माल ज्यानं दिला त्याच्याकडे परत जातो, यात कोणाला वाईट वाटून घ्यायचं कारण नसतं.

जिजाबाईंनीही वाईट वाटून घेतलं नाही. शांतपणे उमरेडला गेल्या.

बारशाला कोणी आलं नाही. सव्वा महिना झाला, न्यायला कोणी आलं नाही. तीन महिने झाले तेव्हा सुताचे दलाल भैयाजी, ज्यांची नागपूर-उमरेड रोजची ये-जा होती, ते निरोप घेऊन छपरीत बसले आणि टोपीच्या घडीकडे पाहत बोलले.

“त्याहीचं म्हणणं हाय का नातू आमचा, त्याले आम्ही घ्याले येऊ. सून सध्या इथंच राहू द्या. दुरुस्त झाली का मंग पाहू.”

“काय झाली का?” वच्छलाबाईंनी विचारलं.

“दुरुस्त.”

चरखा थांबला. भैयाजींनी घाईघाईनं उरलेलंही सांगून टाकलं, जिजाबाई चंद्रभानसाठी भिवापूरला एक पोरगी पाहून आल्या असं त्यांच्या कानावर होतं, खरं-खोटं त्यांना माहीत नव्हतं. वच्छलाबाई काही बोलल्या नाहीत. आणि गल्लीला खरी भीती त्याचीच वाटली. आतला माग थांबला, बाबनराव खड्ड्यातून वर येऊन दारात उभे राहिले. प्रेमिला पोराला मांडीवर घेऊन तशीच बसून होती, फक्त तिनं पोरावरचा पदर घट्ट धरला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी वच्छलाबाई माझ्या दारात.

“मास्तर, तुम्ही शाळेत इंग्रजी शिकवता न?”

त्या मला ‘तुम्ही’ म्हणाल्या तेव्हाच मला समजलं, प्रकरण गंभीर आहे.

“शिकवतो.”

“मंग सांगा, पेल्विस म्हणजे काय?”

समोरच्या ओट्यावर वामनराव दाढी करत बसले होते. माझी बायको आतून दारापाशी आली. मी म्हणालो, “हाड असतं एक.”

“कुठलं?”

मी हात वर केला, हवेत एक गोल काढला आणि हात खाली सोडून दिला.

“इथलं का?” वच्छलाबाईंनी कमरेखाली दोन्ही बाजूंनी फाडफाड थापट्या मारल्या. वामनरावांनी गाल कापून घेतला.

मी अब्रू वाचवायला आत पळालो आणि कोश घेऊन आलो. कोशात होतं, श्रोणी. पुढे, कटिप्रदेश. मी दोन्ही शब्द मोठ्यानं वाचले.

“हे इंग्रजीच होय न?”

“नाही, हे मराठी.”

“मंग मराठीत सांगा न!”

मी कोश मिटला. खरं सांगतो, त्या घडीला मलाही राग आला. मागाच्या एकेका काडीला, दोरीला, फळीला या गल्लीत नाव आहे. बैलाच्या शिंगांच्या वळणावरून आपण त्याला चार नावं देतो. आणि ज्या हाडातून तुम्ही, मी, कोशकर्ते आणि शिकाऊ डॉक्टर असे सगळे जगात आलो, त्याला म्हणायला शब्द नाही! वरच्या मजल्यावर संस्कृत, तळमजल्यावर शिवी, आणि मधल्या जिन्यावर सगळा शहाणा समाज तोंड फिरवून उभा. मग तिथं कोणीही काहीही येऊन बोलावं. ‘माप कमी’ म्हणावं. ‘दुरुस्त करा’ म्हणावं.

“चला दवाखान्यात,” वच्छलाबाई म्हणाल्या. “ज्यानं म्हणलं त्यालेच पुसतो.”

दवाखान्यात रांग होती. वच्छलाबाई रांगेत उभ्या राहिल्या, कारण रांग मोडणाऱ्यांवर त्यांचा जुना राग. पण आपला नंबर आल्यावर त्या डॉक्टरांच्या समोर अशा बसल्या की आता टेबलासकट उचलावं लागलं असतं. डॉक्टर म्हणजे फेरीवरचे तेच मोठे डॉक्टर, पन्नाशीचे, चष्म्यातले, आपल्याच विदर्भातले गृहस्थ. त्यांनी कागद पाहिले.

“तुमच्या मुलीला सेफॅलो-पेल्विक डिसप्रपोर्शन होतं.”

“हे मले पाठ झालं. मराठीत सांगा.”

“म्हणजे असं, की तो जो...” डॉक्टर थांबले. “हाडाचं जे बेसिन असतं, बेसिन म्हणजे... तो कमरेचा... नाही, कंबर नाही...” त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीकडे पाहिलं. श्रोणी मला ठाऊक होती, पण मी तिचं नाव काढणार नव्हतो.

“साहेब, एवढाली बाळंतपणं करून राहिले तुम्ही, आन् त्या जागेचं नाव तुम्हाले येत नाही?”

“येतं. पण ते बायकांसमोर...”

“बायकाहीपाशीच असते ते!”

बाहेरच्या रांगेतून कोणीतरी फसकन हसलं. डॉक्टर लाल झाले. त्यांनीही आवाज चढवला. “बाई, मी तुमच्या मुलीचा जीव वाचवलाय. बाळाचाही. हे विसरू नका.”

“नाही विसरत. रोज सकाळी तुमच्या नावानं हात जोडतो मी, पुसा या मास्तरले. पण जीव वाचवला आन् संसार मोडला, त्याचं काय? पोट तुम्ही शिवलं, साहेब. तोंडानं उसवलं ते कोण शिवन? तुमच्या एका शब्दापायी माही पोरगी सोसायटीतून लुगडं फेकावं तशी माह्या दारात फेकली त्याहीनं. दुरुस्त करून पाठवा म्हणते! पोरगी होय का सायकल होय?”

डॉक्टरांनी चष्मा काढला. बराच वेळ पुसला. “त्यांना घेऊन या,” ते म्हणाले. “येत्या शनिवारी. मी समजावून सांगतो.”

उमरेडला निरोप काय धाडायचा यावर घरात खल झाला. बाबनरावांचं म्हणणं, गोडीनं सांगावं. वच्छलाबाईंनी भैयाजींना बोलावून सांगितलं, “म्हणा त्याहीले, मोठे डॉक्टर सोता पोरगी तपासून दाखवणार हायेत. माल पाहाले या.”

“माल म्हणू का?” भैयाजी चाचरले.

“मालच म्हणा. दुसरं समजत नाही त्याहीले.”

आणि आले की हो! शनिवारी रुपराव, जिजाबाई आणि चंद्रभान तिघंही दवाखान्यात हजर. जिजाबाईंचा चेहरा खरेदीला आलेल्या गिऱ्हाइकासारखा. चंद्रभान भिंतीला टेकून पायाच्या अंगठ्यानं फरशी कोरत होता. प्रेमिला पोराला घेऊन आईच्या मागे उभी. वच्छलाबाईंनी इंग्रजीच्या बंदोबस्तासाठी मलाही नेलं होतं, पण त्या दिवशी इंग्रजी निघालीच नाही.

डॉक्टरांनी कपाटातून दोन वस्तू काढून टेबलावर ठेवल्या. एक खरं हाड, रुंद, दोन्हीकडे पंखांसारखं पसरलेलं, तळ नसलेल्या घमेल्यासारखं. आणि एक शिकवायची बाहुली, तान्ह्या पोराएवढी. जिजाबाईंनी हाड पाहून तोंड फिरवलं.

“तोंड नोका फिरवू, ईनबाई,” वच्छलाबाई विहिणीला म्हणाल्या. “तुम्ही बी येच्यातूनच आल्या. आभायातून नाही पडल्या.”

“हे कमरेच्या खालचं हाड,” डॉक्टर सावकाश बोलू लागले. एकेक शब्द ते शोधून आणत होते, पण आणत होते. “बाळ या वाटेनं बाहेर येतं. मागचं हे, माकडहाडाच्या वरचं, याला सॅक्रम म्हणतात. जुन्या काळी युरोपात याला पवित्र हाड मानायचे.”

“ते पवित्र असो,” जिजाबाई म्हणाल्या. “पन्हा कमी हाय का नाही, तेवढं सांगा. कमी असन तं कमी म्हणा.”

“पन्हा?” डॉक्टरांनी आमच्याकडे पाहिलं.

तेव्हा बाबनराव बोलले. खालच्या आवाजात, दोन्ही हात पसरून, त्यांनी सोसायटी, पट्टी आणि परत येणारं लुगडं डॉक्टरांना समजावून सांगितलं. डॉक्टर ऐकत गेले आणि त्यांचा चेहरा उतरत गेला. आपल्या घोळक्यातलं एक वाक्य त्या वॉर्डातून निघून उमरेडला कोणत्या पट्टीखाली जाऊन पडलं, हे त्यांना तेव्हा कळलं असावं.

“नाही,” ते म्हणाले. “लुगड्याचा पन्हा सोसायटी ठरवते. बाईचा कोणी ठरवलेला नसतो. हिची वाट हिच्यापुरती चांगली आहे. या बाळाचं डोकं त्या मानानं मोठं होतं, एवढंच. जरा लहान डोक्याचं बाळ असतं तर याच वाटेनं सुखरूप आलं असतं.” त्यांनी बाहुली हाडात घालून दाखवली. डोकं अडलं. “पाहा. यात हाड दोषी की डोकं दोषी? दोन्ही नाही. मेळ बसला नाही.”

आणि मग, कोणी न सांगता, सगळ्यांनी एकदम रुपरावांकडे पाहिलं.

मी तोवर कधी लक्ष दिलं नव्हतं. पण डोकं होतं बुवा! काळी टोपी त्या डोक्यावर घातलेली नव्हती, नुसती ठेवलेली होती. मग नजरा चंद्रभानकडे गेल्या. तिथंही तेच, फक्त केसांसकट. मग प्रेमिलाच्या खांद्यावरच्या पोराकडे. ते आजोबांकडेच पाहत होतं. कोपऱ्यातली नर्स तोंडावर हात धरून हसली.

“हसू नोका वं सिस्टर,” वच्छलाबाई कडाडल्या. “हसण्यावारी न्याची गोष्ट नाही हे.” त्या रुपरावांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. “इवाईबुवा, तुमचं डोक्सं मोठं. जावयाचं मोठं. मी म्हणलं का कधी का माल दोषी निंगाला? म्हणलं का, का पयले डोक्सं तासून आणा, मंग पोरगी धाडतो? माह्या पोरीनं तुमच्या घरच्या डोक्श्यापायी पोट फाडून घेतलं. आन् तुम्ही नातू उचलाले तयार, पोरगी ठेवा म्हणता! ज्या पोटातून काहाडला ते पोट वापस, आन् पोरगा तेवढा तुमचा?”

रुपरावांनी टोपी काढली. का काढली ते त्यांनाही माहीत नसावं. जिजाबाई काहीतरी बोलायला गेल्या, पण वच्छलाबाई डॉक्टरांकडे वळल्या होत्या.

“आन् साहेब, तुम्ही. हे बाहुली तव्हा काहून नाही काहाडली कपाटातून? पोरगी खाटेवर निजून होती तव्हा इंग्रजी, आन् माय भांडाले आली तव्हा बाहुली?”

डॉक्टरांनी बाहुली बाजूला ठेवली. ते प्रेमिलाकडे वळले आणि पहिल्यांदाच तिच्या तोंडाकडे पाहिलं.

“नाव काय तुमचं?”

“प्रेमिला.”

“प्रेमिला, चुकलं माझं.”

प्रेमिलानं मान हलवली. मग तिनं डॉक्टरांना ओलांडून नवऱ्याकडे पाहिलं. लग्न झाल्यापासून चारचौघांत ती त्याच्याशी पहिल्यांदा बोलत होती.

“भिवापूरची पोरगी पाहून आले का तुम्ही?”

“मी नाही गेलो,” चंद्रभान पुटपुटला. “माय गेली होती.”

“तुम्ही नोको म्हणलं का तिले?”

चंद्रभानचा अंगठा पुन्हा फरशी कोरू लागला. मग पोराला सावरून बाहेर निघून गेली, आणि उमरेडची मंडळी तशीच रिकाम्या हातांनी मोटारस्टँडवर गेली.

पुढचे दिवस गल्लीत माग चालला, चरखा चालला, पण वच्छलाबाई कोणावर ओरडल्या नाहीत. दूधवाल्याला करमेनासं झालं. आपण जिंकून पोरीचं घर घालवलं की काय, ही धास्ती त्यांच्या हातांत दिसत होती. सूत सारखं तुटायचं.

आठवड्यानं चंद्रभान आला. एकटा. छपरीत उभा राहून, गल्ली ऐकेल इतक्या मोठ्यानं म्हणाला, “मी नोको म्हणाले पायजे होतं. आता म्हणलं. घरात भांडण करून म्हणलं.”

प्रेमिला आतून म्हणाली, “मंग तुमच्या मायले घेऊन या. रीतीनं न्या.”

आणि दोनच दिवसांनी सायकलरिक्षातून जिजाबाई उतरल्या, सोबत चंद्रभान. रुपराव आले नाहीत. कोणी कारण विचारलं नाही.

रीत अशी की लेक सासरी निघाली की आईनं तिची ओटी भरायची. सुपात तांदूळ, नारळ, खण, हळदकुंकू, सगळी तयारी झाली. गल्लीतल्या बायका जमल्या. वच्छलाबाई सुपाजवळ आल्या आणि हात बांधून उभ्या राहिल्या.

“मी नाही भरत. ईनबाई भरतीन.”

“असं कसं?” जिजाबाई दचकल्या. “हे तं मायचं काम होय.”

“असन. पण जे कमी म्हणलं ते मायनं नाही म्हणलं. ज्यानं म्हणलं त्यानं भरा.”

प्रेमिलानं दोन्ही हातांनी पदर पसरला आणि कमरेखाली, पोटाशी धरला. वच्छलाबाईंनी त्या सकाळी माझ्या दारात जिथं थापटी मारून विचारलं होतं, तीच जागा. तिला नाव नाही म्हणून मी कोश धुंडाळत बसलो होतो, आणि घराघरातल्या बायका वर्षानुवर्षं तिथं तांदूळ घालून तिला हात जोडत आल्या होत्या.

जिजाबाईंनी कुंकू लावलं. खण घातला, नारळ घातला, तांदळाची ओंजळ घातली. थांबल्या.

“अजून,” वच्छलाबाई म्हणाल्या.

दुसरी ओंजळ पडली.

“अजून घाला, ईनबाई. कमी पडते म्हणल्या होत्या न? पाहू द्या सगळ्याहीले, कुठं कमी पडते ते.”

जिजाबाई ओंजळीमागून ओंजळ घालत गेल्या. पदर भरत गेला, जड होत गेला, पण प्रेमिलानं तो सोडला नाही. सूप रिकामं झालं. शेवटच्या ओंजळीला जिजाबाईंचा हात पदरावरच राहिला. त्या सुनेच्या तोंडाकडे पाहत होत्या. मग त्यांनी वाकून सुनेच्या ओटीला हात लावला आणि तो हात आपल्या कपाळाला लावला.

“आता झालं,” प्रेमिला म्हणाली.

तिनं पदराला गाठ मारून ती कमरेला खोचली, पोर चंद्रभानच्या हातात दिलं आणि रिक्षात चढली. जिजाबाई सरकून बसल्या आणि चांगली जागा तिला दिली. वच्छलाबाईंनी कोणाचा निरोप घेतला नाही, डोळ्यांना पदर लावला नाही. रिक्षावाल्यानं पायडलवर जोर दिला मात्र, त्यांचा आवाज गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला.

“हळू चालव बे! पोरीले टाके पडले हायेत, दिसत नाही का तुले?”